पहिली गोळी

ऑर्विल केसलरने नेहमीप्रमाणे रायफल उचलली, पण लॉरीनने ती बापाच्या हातातून काढून घेतली.

"बाबा, आज मी," ती म्हणाली.

बंदूक दुरुस्तीच्या दुकानामागच्या दरडीसमोर तिघेच उभे होते. बाप, लेक आणि रायफलचा मालक हायरम नीलसन. एल्क हरणांच्या शिकारीचा हंगाम बारा दिवसांवर आला होता. हायरमच्या रायफलमध्ये काडतुसाचं घर नव्याने कापून मोठं केलं होतं, म्हणजे जास्त दारू मावेल आणि गोळी दरीच्या पलीकडच्या उतारापर्यंत सरळ जाईल. अशा घरात आधी बाजारातलं साधं काडतूस झाडावं लागतं. त्या धक्क्याने काडतुसाची पितळी पुंगळी फुगून नवा आकार घेते आणि मग तीच पुन्हा भरायची. ही पहिली गोळी मालकासमोर झाडायची पद्धत केसलरांच्या दुकानात पहिल्या दिवसापासून होती.

"तू कशाला?" हायरम म्हणाला. "ज्यानं घर कापलं त्यानंच पहिली झाडायची, असा तुमचा नियम ना?"

"म्हणूनच."

हायरमला समजायला थोडा वेळ लागला. त्याने ऑर्विलकडे पाहिलं. ऑर्विल तेलाच्या डब्याचं झाकण घट्ट बसवत होता. ते आधीच घट्ट होतं.

"ऑर्विल, ही काय म्हणतेय?"

ऑर्विल झाकणच पिळत राहिला. त्याचा लॉरीनला मनस्वी राग आला. दोन वर्षं ती लेथवर उभी राहायची आणि दोन वर्षं पहिली गोळी तो झाडायचा. नदीकाठचे सगळे ऑर्विलच्या हाताची तारीफ करायचे. तीही मान डोलवायची.

"नळीच्या बुडाचा एक आटा कापून नळी तेवढी मागे घेतलीस का?" हायरमने विचारलं. आवाज शाळामास्तरचा.

"घेतली."

"नाहीतर पुंगळी मागून फाटते आणि सगळी आग तोंडावर येते, माहीत आहे ना?"

"हायरमकाका, तुम्ही गुरं राखता. मी तुम्हाला वासरू कसं ओढायचं ते शिकवते का?"

"ही भातुकली नाही, पोरी. तो टायर आण. रायफल त्याला बांध, चापाला दोरी लाव आणि भिंतीआडून ओढ. उद्या मी ती शहरातल्या कारागिराकडे नेतो. आणि भावाला सांगतो, त्याची पाठवू नकोस म्हणून."

भावाला म्हणजे सगळ्या खोऱ्याला. हायरमने एकदा तोंड उघडलं की दुकानात भिंतीला लावलेल्या बाकीच्या सहा रायफली संध्याकाळपर्यंत परत जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"टायरला बांधतात ते ज्यांचा स्वतःच्या कामावर भरवसा नसतो ते," लॉरीन म्हणाली. "उद्या खुशाल न्या. आज बघून जा."

तिने काडतूस आत सरकवलं, बोल्ट बंद केला आणि दस्ता खांद्याला लावला. गाल लाकडावर टेकवला. हायरम चार पावलं मागे सरला. ऑर्विल होता तिथेच उभा राहिला.

बार झाला. दरडीतून माती उडाली.

तिने बोल्ट मागे ओढला, गरम पुंगळी तळहातावर झेलली आणि फुंकर न घालता हायरमपुढे धरली. आत घातली तेव्हा पुंगळीचे खांदे बाटलीसारखे उतरते होते. आता ते ताठ झाले होते. हायरमने खिशातून वाकवलेली तार काढली, पुंगळीच्या आत घातली आणि बुडापाशी गोल गोल फिरवली. पुंगळी फाटायच्या बेतात असेल तर तिथे तार अडते. त्याने तीनदा फिरवली. तार कुठेच अडली नाही.

"काम चांगलं आहे," तो शेवटी म्हणाला. पुंगळी त्याने नकळत खिशात टाकली. "दे रायफल. भावाचीही घेऊन येतो. फक्त लोकांना मी घर ऑर्विलनं कापलं असं सांगेन. उगाच चर्चा नको."

लॉरीनने रायफल दिली नाही.

"माझी रायफल आहे ती," हायरम म्हणाला.

"रायफल तुमची. घर मी कापलंय. लोकांना माझं नाव सांगायचं असेल तर न्या, नाहीतर बसा इथंच. कॉफी टाकते."

"ऑर्विल, आवर हिला."

ऑर्विलने तेलाचा डबा खाली ठेवला. जबड्याच्या कडेला, दाढीच्या खुंटांत, त्याला जुना भाजल्याचा डाग होता. चुलीपाशी भाजलं, असं तो लोकांना सांगत आला होता. त्याने त्या डागावर बोट ठेवलं.

"हे मी शेवटचं घर कापलं तेव्हाचं," तो म्हणाला. "नळी एक आटा मागे घ्यायला विसरलो. त्यानंतरची सगळी हिनं कापली. तुझ्या मेव्हण्याच्या रायफलीचंसुद्धा."

 हायरमला राग आला.

"आणि पहिली गोळी तू झाडत होतास? लेकीनं कापलेल्या घरात? गाल टेकवून? भीती नाही वाटली?"

"मी कापलेल्यात झाडताना मला दरवेळी देव आठवायचा," ऑर्विल म्हणाला. "हिनं कापलेल्यात झाडताना, आज जेवायला काय असेल, एवढंच."