कात्री लावण्याआधी

शिवणखोलीतल्या कॉम्प्युटरमध्ये दोन बिऱ्हाडं नांदतात: एकीकडे माझ्या भरतकामाच्या नक्ष्या, दुसरीकडे सूनबाईचा अभ्यास. माझी जागा भरली, म्हणून ती मधलं पार्टिशन सरकवून स्वतःची थोडी जागा मला देत होती. "आई, काम संपेपर्यंत हात लावू नका हं," बजावून आत गेली. पडद्यावर काही हलेना. कॉम्प्युटर झोपला असेल म्हणून मी प्लग उपटून इस्त्रीचा लावला. परतल्यावर तिनं कपाळाला हात लावला. पुन्हा सुरू केला, तर माझं बिऱ्हाड साफ! जन्मभराची नक्षी गेली. तिनं खणातून पेनड्राइव्ह काढला. "सगळं आधीच उतरवून ठेवलंय. 'कापडाला कात्री लावण्याआधी कागद कापून बघ,' तुम्हीच ओरडता ना?" "ओरडत नाही, शिकवते," मी म्हटलं. आभार मानायला माझी जीभ वळत नाही. पोटच्या लेकीलाही न दिलेली माझी कापडाची कात्री मुकाट्यानं तिच्या हातात ठेवली.