असा पत्ता सापडला नाही

"आई, जगात नाही असं एक नाव सांग."

टॉवेलांचे सुटलेले दोरे कापता कापता बजाबाईनं मान वर केली. "आनि त्ये कशाला गं?"

पिंकीनं समजावलं. तिच्या कंपनीनं शाळेतल्या टॅबसाठी ऑपरेटिंग सिस्टिम केली होती. तिच्यात वेबसाइटचा पत्ता थेट मराठीत लिहिला तरी चालावा, हे काम पिंकीचं. असलेले पत्ते उघडत होते. आता नसलेला टाकायचा, आणि मशीननं 'असा पत्ता सापडला नाही' म्हणायचं. तेवढं झालं की काम पुण्याच्या ऑफिसला रवाना आणि पिंकीची नोकरी पक्की.

"मग ह्यांचंच टाक की."

'ह्यांचं' म्हणजे पिंकीच्या बापाचं. ती बालवाडीत असताना तो भीमेच्या पुरात गेला. काठावर सदरा आणि चपला सापडल्या, प्रेत सापडलं नाही. भावकीनं दर्भाचा पुतळा करून जाळला आणि बजाबाईचं कपाळ मोकळं केलं. पण पितृपक्षात कावळा काही घासाला शिवायचा नाही. सोलापुरात भवानी पेठेतल्या घराच्या पत्र्यावर ती दरवर्षी पान ठेवायची. वडे करून झाले, खीर करून झाली, पोरीला शिकवीन म्हणून वचनही देऊन झालं. कावळा आपला शेजाऱ्यांच्या पानावर. "माज्यावरच रुसलंय मानूस," एवढंच ती म्हणायची. नाव घ्यायची नाही. लग्नात उखाणा घेतला होता, तेवढाच.

आताही तिनं ते तोंडानं घेतलं नाहीच. चष्मा पुसला आणि एकेक अक्षर हुडकून बोटानं दाबलं. शेपूट पिंकीनं जोडलं: महिपतीढेकळे.भारत.

पान उघडलं.

'अस्सल सोलापुरी चादरी, सुरत. मालक: महिपती ढेकळे.' खाली फोटो. केस पिकलेले, पोट सुटलेलं. डाव्या भुवईवरचा व्रण मात्र तोच, भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोतला. शेजारी एक बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

बजाबाईचा हात आपोआप पदराकडं गेला. तिनं तो डोक्यावर ओढून घेतला.

"ह्यास्नी आपन दिसतो का गं हितनं?"

"नाही, आई."

कात्री टॉवेलात तशीच अडकून राहिली. खाली गल्लीत कुणीतरी गाडीला किक मारत होतं, ती काही सुरू होत नव्हती.

"तरीच," बजाबाई म्हणाली, "कावळा शिवंना."

मग तिनं डोक्यावरचा पदर खाली घेतला, कमरेला खोचला, आणि फोटोखालच्या नंबरावर बोट टेकवलं.

"पिंके, ह्या महिपतीला फोन लाव."