चरख्यावरच्या बाईला हाक मारू नये

अंकितानं मोबाइलवर चित्र आणखी मोठं केलं. तरी सूत दिसेना.

दोनशे वर्षांपूर्वीचं चित्र. अंगणात एक बाई चरख्यावर बसलेली, मागं चूल, बाजूला पाळणा. चाक फिरवणारा उजवा हात झकास रंगवलेला. पण डावा हात, ज्यातनं धागा निघायला हवा, तो नुसताच हवेत! हातात लोकर नाही, धागा नाही, सूत गुंडाळायच्या चातीवरही काही नाही. दोन वर्षं हे चित्र उशाशी घेऊन झोपणाऱ्या आमच्या विदुषीला एवढं दिसलं नव्हतं. दिसलं ते तिच्या मार्गदर्शक मॅडमना, तेही प्रबंध द्यायच्या आदल्या दिवशी.

“उद्या सकाळपर्यंत याचं उत्तर आण. नाही तर हे प्रकरण काढून टाक,” मॅडम म्हणाल्या होत्या.

काढून टाक म्हणे! प्रबंधाचा जीवच त्या प्रकरणात होता. चरख्यानं बाईला घरात जखडून ठेवलं, असं अंकितानं त्यात ठासून लिहिलं होतं. ते काही पुस्तकात वाचून नव्हे. मोहोळजवळच्या वस्तीवर तिची आई, बजाबाई, मेंढरांची लोकर कातायची. चरख्यावरच्या बाईला हाक मारायची नाही, असा त्यांच्या वस्तीचा दंडक. बाई दचकली की सूत तुटतं, गाठ पडते, आणि गाठीचं सूत घोंगडी विणणारा सनगर तोंडावर फेकतो. त्यामुळं बजाबाई तासन्‌तास मान वर करायची नाही. चिमुरड्या अंकितानं कितीही भोकाड पसरलं तरी नाही. पण अंकितानं आईवर कधी राग धरला नाही. आईचा काय दोष? तिनं सगळा राग त्या मेल्या चरख्यावर काढला, आणि पुढं त्याच रागावर दोनशे पानं लिहिली.

आज बजाबाई भवानी पेठेत लेकीच्या खोलीवर आली होती. येताना शेंगांची चटणी आणली होती, ती बरणीत भरत होती.

“आये, हे बघ जरा. हा चितारी येडा होता का गं?”

बजाबाईनं पदराला हात पुसले. चित्र बघितलं आणि फिस्सकन हसली.

“चितारी कशाला येडा? बाई लई शानी हाय की.”

“ती कशी?”

“आगं, लोकर सरली आसंल तिची. उटली की सासू दळाय बसवील, जाऊ पाण्याला धाडील. चाक फिरतंय तवर कोन हाक मारतंय? मी न्हाय का, संक्रांतीला लोकर सरली तरी पार पाडव्यापतूर फिरवत बसायची. तेवडाच जिवाला इसावा.”

अंकिता तीनताड उडाली. “आये! आधी का नाही सांगितलंस?”

“तू इचारलंस कवा?”

तेही खरंच. अंकितानं झटक्यात लॅपटॉप ओढला. मॅडमना उत्तर मिळालं, मुद्दा उलटा झाला तरी प्रकरण वाचलं, गंगेत घोडं न्हालं! चितारी खोटा नव्हता. त्या बाईनं चरख्याआड आपल्यापुरती घटकाभर सुटी काढली होती. तिनं भराभर चार ओळी टाइप केल्या.

पाचव्या ओळीला बोटं थांबली. काहीतरी खुपत होतं. काय, ते तिला नीट कळेना. ती आईकडं बघत राहिली. हीच का ती, मान वर न करणारी?

“आये,” ती चाचरत म्हणाली, “लहानपणी शिमग्यात मला गोवर आला होता बघ. मी आत पडून तुला सारखी हाका मारत होते. तू आली नव्हतीस.”

चटणीचा चमचा बजाबाईच्या हातात तसाच राहिला.

“आये?”

बजाबाईच्या डोळ्यांत पाणी तरारलं. तिनं ते पुसलं नाही.

“आयकू येत हुती तुजी हाक,” ती म्हणाली. “तवा बी रिकामंच फिरवत हुते.”