उलटा पुठ्ठा

देवस्थळी वहिनींनी खिळखिळा झालेला शब्दकोश काउंटरवर ठेवला आणि गजाभाऊ बाइंडरनी जीभच चावली. पुठ्ठा उलटा! वरची सोनेरी अक्षरं सरळ धरली, की आतली पानं डोक्यावर उभी. आणि बाइंडिंग फार पूर्वी त्यांनीच केलेलं.

"वहिनी, तेव्हाच परत आणायचा ना! आता नवा पुठ्ठा घालून सरळ करून देतो."

"नको, नको," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "शिवण घट्ट करा, पुठ्ठा मात्र उलटाच राहू दे. यांना हल्ली काही आठवत नाही, माझं नावसुद्धा. पण कोश हातात दिला की उघडतात आणि अगदी पूर्वीसारखे करवादतात, 'कुठल्या गाढवानं बांधलाय गं हा?' मग आम्ही दोघंही हसतो."

दुपारी गजाभाऊंनी पानं नव्यानं शिवली, पुठ्ठ्याला खळ लावली आणि जन्मात पहिल्यांदाच तो जाणूनबुजून उलटा चिकटवला. दाबाखाली ठेवण्याआधी मात्र पुन्हा एकदा उघडून खात्री केली.

चुकून सरळ बसायला नको होता.