मधली जाळी

"हात सैल ठेव. दाबायचं नाही, नुसतं चाचपायचं," तो म्हणाला.

मुलीने कबुतर उताणं धरलं आणि शेपटीखालच्या दोन बारीक हाडांमध्ये बोट टेकवलं. बोट सहज मावलं.

"मादी."

"शाबास! हात माझाच घेतलाय पोरीने." एवढं बोलून त्याला खोकल्याची उबळ आली आणि तो भिंतीला टेकला.

दाराशी पाण्याची भांडी विसळत बसलेल्या त्याच्या बायकोने मान वर केली नाही. बावीस वर्षं ती हेच ऐकत आली होती. चाल बापाची, हट्ट बापाचा, आता हातही बापाचा. तिने विसळून झालेलं भांडं पुन्हा विसळायला घेतलं.

जोड्या लावण्याचा हा त्याचा शेवटचा हंगाम होता. पिसांची धूळ छातीत इतकी बसली होती की डॉक्टरांनी गच्चीवर पाऊल टाकायला बंदी केली होती. तो ऐकणाऱ्यांतला नव्हता. दोन जिने चढायला त्याला अर्धा तास लागला. कबुतरं पोरीच्या हाती सोपवल्याशिवाय मी जायचा नाही, असं तोच हसत म्हणायचा. बायकोला हसू यायचं नाही. तो जायच्या आत तिला एक गोष्ट सांगायची होती, आणि दिवस भराभर संपत होते.

जोडीच्या पिंजऱ्यात मधोमध तारेची जाळी होती. एका बाजूला नर गळा फुगवून गोल गोल फिरत होता. दुसऱ्या बाजूला मादी पाठ करून बसली होती.

"जाळी कधी काढायची, बाबा?"

"ती मान डोलवायला लागली की. चार दिवस लागतील, नाहीतर आठ. घाई केलीस तर एकमेकांना रक्तबंबाळ करतील. आणि काढल्यावर तिथे रेंगाळायचं नाही. आपण निघून जायचं."

मुलीने कोपऱ्यातल्या निळ्या जोडीकडे बोट दाखवलं. "यांची गेल्या वर्षी चारही अंडी पोकळ निघाली. मादी बदलू?"

"मादी का? तिने अंडी घातली ना? नर कुचकामी आहे."

"मग त्याला देऊन टाकू?"

"छे! गुणी जीव आहे. थोडे दिवस तिच्याजवळ दुसरा नर सोड, मग याला परत आण. पिल्लं हाच भरवेल. अगदी जिवापाड."

"आणि त्याला कळलं म्हणजे?" मुलगी हसली.

तो हसला नाही. "दाणे संपलेत. खालून घेऊन ये जा."

मुलीने हातातलं कबुतर त्याच्याकडे दिलं आणि तिची पावलं जिन्यावरून उतरत गेली. बायकोने ओले हात पदराला पुसले.

"अहो, मला तुम्हाला काही सांगायचंय."

लग्नानंतर नऊ वर्षं सासू तिला वांझ म्हणून घालूनपाडून बोलत आली होती. अशा वेळी नवरा उठून मुकाट गच्चीवर जायचा. मग मागच्या खोलीत भाडेकरू आला. घड्याळं दुरुस्त करायचा. मोजकं बोलायचा, पण तिची विचारपूस करायचा. सात महिने राहिला आणि गेला, तो पुन्हा कधी दिसला नाही.

तिने सगळं सांगितलं. नवरा कबुतरांच्या स्पर्धेला तीन आठवडे परगावी होता, तेव्हाचं. पोरगी कुणाची, तेही.

तो हातातल्या कबुतराच्या पाठीवरून बोट फिरवत राहिला.

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

बावीस वर्षं या माणसाने सगळं पोटात घातलं होतं. पोरीला खांद्यावर मिरवलं होतं, आपल्याला कधी वाकडा शब्द बोलला नव्हता. तिला हुंदका आवरेना.

"मला माफ करा. तुमच्याएवढं मोठं मन कुणाचं नसेल."

त्याने कबुतर पिंजऱ्यात सोडलं, कडी घातली आणि बराच वेळ दम गोळा केला.

"माफी कसली मागतेस? दोष माझ्यात आहे हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. आईला सांगायची माझी छाती झाली नाही. आणि त्या वर्षी स्पर्धा नव्हतीच." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "ती खोली मी सहा महिने रिकामी ठेवली होती. त्या घड्याळवाल्याच्या आधी दोघं जण खोली बघून गेले. मला पसंत पडले नाहीत."