उलटं धरलेलं मुखपृष्ठ

पुस्तकाचं मुखपृष्ठ सर नेहमी उलटं धरून बघायचे. "अक्षरं वाचता आली नाहीत की मांडणीतली लबाडी उघडी पडते," म्हणायचे, आणि माझं काम टेबलावर भिरकावायचे. "पुन्हा कर." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यांच्या हाताखाली केस पिकले, पण एक "छान" काही पदरात पडलं नाही. आता ते निवृत्त आहेत आणि त्यांच्या खुर्चीत मी बसते. आज आले ते स्वतःच्या आठवणींच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ घेऊन. सवयीनं मी ते उलटं धरलं; सगळं चित्र एका बाजूला कलंडत होतं. त्यांचे थरथरणारे हात पाहून म्हटलं, "छान आहे, सर." ते भडकले. "मी कधी तुझी अशी बोळवण केली होती?" माझाही संयम सुटला. "अजिबात जमलेलं नाही! पुन्हा करा!" कागद गुंडाळताना सर पहिल्यांदाच मनापासून हसले. "छान," म्हणाले.