पिवळ्या गोळीचं कडवं

“गोळ्या कशा घेता?” नव्या डॉक्टरांनी विचारलं. आजोबा आधी स्वतःशी गुणगुणले, मग तिन्ही गोळ्यांच्या वेळा बिनचूक सांगून मोकळे झाले. त्यांच्यामागच्या मावशीही गुणगुणल्याच. “सिस्टर, हा काय प्रकार?” डॉक्टर माझ्याकडे वळले. “सर, वस्तीत बीपीच्या सगळ्यांना याच तीन गोळ्या, पण वाचता येणारे थोडेच. झाडूवाल्या आक्कांनी सिनेमातल्या गाण्याच्या चालीवर गोळ्या बसवल्यात. नळावर रोज उजळणी होते. वर्षभरात एकाचीही गोळी चुकलेली नाही.” माझा औषधांचा तक्ता मात्र भिंतीवर धूळ खात होता. “उद्यापासून सगळ्यांचीच पिवळी गोळी बंद,” डॉक्टर म्हणाले. “तिच्या जागी लाल, तीही रात्री.” दारात झाडणाऱ्या आक्का थांबल्या. “नुसतं सांगून भागायचं नाही, साहेब. वस्ती उद्याही पिवळीच गाणार.” डॉक्टरांनी खुर्ची पुढे केली. “मग बसा. चाल ऐकवा.” मी तक्ता उतरवला आणि नवं कडवं लिहायला कोरी बाजू वर केली.